व्हर्सायची ३५ मिनिटे : फॅशन शोच्या पडद्यामागील नियोजन

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. या दोन कार्यांच्या पंक्तीस तिसरे बसवावयाचे झाल्यास फॅशन शोचे नाव निःसंकोच सुचविता येईल. प्रेक्षकांना दिसतात ती झगमगत्या प्रकाशातील जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. त्या मिनिटांमागे कित्येक आठवड्यांचे हिशेब, मापे, याद्या, रुसवेफुगवे आणि जागरणे असतात. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातील हौशी मंडळी असोत वा या व्यवसायात मुरलेल्या संस्था, या साऱ्यातून कोणाचीच सुटका नसते.

हे नियोजन कोठे तरते आणि कोठे फसते, हे समजून घ्यावयाचे असेल तर २८ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री पॅरिसनजीकच्या व्हर्साय राजवाड्यात झालेल्या कार्यक्रमाइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण. फ्रान्सचे पाच आणि अमेरिकेचे पाच वेशरचनाकार त्या रात्री एकाच रंगमंचावर आपापली निर्मिती सादर करणार होते. वृत्तपत्रांनी त्या कार्यक्रमाचे नामकरण 'व्हर्सायची लढाई' असे करून टाकले आणि पुढे तेच नाव रूढ झाले.

हेतू एक, अपेक्षा अनेक

कोणत्याही फॅशन शोच्या आयोजकाने स्वतःस विचारावयाचा पहिला प्रश्न असतो तो हेतूचा. कपडे विकावयाचे आहेत, नाव करावयाचे आहे, की एखाद्या कार्यासाठी निधी उभारावयाचा आहे? सभागृह कोणते, निमंत्रणे कोणास, प्रवेशमूल्य किती, पहिल्या रांगेत कोण, या सर्वांची उत्तरे याच एका उत्तरातून निघतात. खरेदीदारांसाठी योजलेल्या शोमध्ये वस्त्राची शिवण नीट दिसेल असा स्वच्छ प्रकाश लागतो. निधीसंकलनाच्या शोमध्ये वस्त्राइतकेच महत्त्व मेजवानीस आणि शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे यास असते.

व्हर्सायच्या कार्यक्रमाची कल्पना एलिनॉर लॅम्बर्ट या अमेरिकी जनसंपर्क-तज्ज्ञ महिलेची. दुसऱ्या महायुद्धामुळे अमेरिकी पत्रकारांना पॅरिस गाठणे अशक्य झाले, तेव्हा १९४३ मध्ये न्यूयॉर्क येथे 'प्रेस वीक' भरवून देशी वेशरचनाकारांना पत्रकारांसमोर आणणाऱ्या त्याच. आजच्या 'फॅशन वीक'चे मूळ त्या उपक्रमात आहे. (आपल्या देशात पहिला इंडिया फॅशन वीक नवी दिल्लीत ऑगस्ट २००० मध्ये झाला.) व्हर्साय राजवाड्याचे मुख्य अभिरक्षक जेराल्ड व्हान डर केम्प हे त्या काळी राजवाड्याच्या जीर्णोद्धारासाठी द्रव्यसाहाय्य शोधीत होते. त्यांची निकड आणि लॅम्बर्ट यांची कल्पकता यांचा मेळ बसला. यजमानपद पॅरिसच्या प्रतिष्ठित वर्तुळातील मारी-एलेन द रोथशील्ड यांनी स्वीकारले.

जाहीर हेतू राजवाड्याच्या दुरुस्तीचा होता. लॅम्बर्ट यांच्या मनातील हेतू मात्र निराळा होता. त्या काळी उच्च वेशकला म्हणजे पॅरिस, हे समीकरण जगाने मान्य केलेले होते. अमेरिकेतील कारखान्यांत तयार होणारे सुटसुटीत कपडे दुय्यम समजले जात. पॅरिसच्या दिग्गजांशेजारी आपल्या माणसांना उभे करण्याची ही संधी होती, आणि फजिती झाल्यास ती साऱ्या जगासमोर होणार होती.

फ्रान्सतर्फे इव्ह सँ लोराँ, ह्यूबर्ट द जिव्हाँशी, पिएर कार्दां, इमॅन्युएल उंगारो आणि ख्रिश्चन दिओर या संस्थेचे मार्क बोहान, अशी नावे निश्चित झाली. अमेरिकेतर्फे ऑस्कर द ला रेंटा, बिल ब्लास, हॅल्स्टन, स्टीफन बरोज आणि अ‍ॅन क्लाइन यांची निवड झाली. दहा जणांत अ‍ॅन क्लाइन या एकट्याच महिला, आणि बरोज हे एकटेच कृष्णवर्णीय. कामकरी स्त्रीला रोज घालता येतील असे कपडे अ‍ॅन क्लाइन करीत. त्यामुळे राजवाड्यातील मेजवानीच्या रात्री त्यांचे काय काम, असा सूर त्यांच्याच गटात होता, असे नंतरच्या वृत्तान्तांवरून दिसते.

पडदा अपुरा पडला

कार्यक्रमाचे स्थळ होते राजवाड्यातील शाही नाट्यगृह. पुढे सोळावा लुई म्हणून गादीवर आलेला युवराज आणि मारी आंत्वानेत यांच्या विवाहानिमित्त १७७० मध्ये त्याचे उद्घाटन झाले होते. वास्तुशिल्पी आंज-जाक गाब्रिएल यांनी अंतर्भाग लाकडाचा बांधून त्यास सोन्याचा आणि संगमरवराचा आभास दिलेला. अशा सभागृहास सजावट करावी लागत नाही, परंतु त्याच्यापुढे स्वतःची सजावट टिकविणे अवघड जाते.

फ्रेंच गटाने या आव्हानास वैभवानेच उत्तर देण्याचे ठरविले. पूर्ण वाद्यवृंद, रशियन नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्ह यांचे नृत्य, जोसेफिन बेकर यांचे गायन आणि प्रत्येक वेशरचनाकारासाठी स्वतंत्र नेपथ्य, असा थाट होता. दिओरसाठी सिंड्रेलाच्या गोष्टीतील भोपळ्याचा रथ, कार्दां यांच्यासाठी अवकाशयान, तर उंगारो यांच्यासाठी गेंड्याने ओढलेली भटक्यांची गाडी उभारली गेली. (फ्रान्सचा मान राखावयास उभ्या राहिलेल्या जोसेफिन बेकर या जन्माने अमेरिकी होत्या, हीदेखील गंमतच.)

अमेरिकी गटाचे नेपथ्य चित्रकार जो युला यांच्याकडे होते. त्यांनी तयार करून आणलेले पडदे व्हर्सायच्या रंगमंचावर टांगून पाहिले, तेव्हा ते लांबीस अपुरे पडत असल्याचे ध्यानात आले. अमेरिकेत मोजमाप फूट-इंचांत, तर फ्रान्समध्ये मीटर-सेंटीमीटरमध्ये. या दोन पद्धतींच्या घोळात साराच हिशेब चुकला होता. अशा चुकीला केवळ चित्रकारच बळी पडतात असेही नाही. मंगळाकडे पाठविलेले एक अमेरिकी यान दोन मापनपद्धतींच्या अशाच गोंधळामुळे १९९९ मध्ये नष्ट झाले.

नवे पडदे करून घेण्यास वेळ नव्हता. युला यांनी पांढऱ्या कागदाचा मोठा ताव मिळवून त्यावर काळ्या रेषांत आयफेल टॉवरचे एक मुक्त रेखाटन केले आणि अमेरिकी विभागाची सजावट तेवढ्यावर भागविली. रथ नाही, यान नाही, पाठीमागे फक्त एक चित्र. त्या वेळी हे संकट वाटले असेल. परंतु मोकळ्या रंगमंचामुळे पुढे काय साधले, ते त्या रात्रीच दिसून आले.

फॅशन शोच्या आयोजकांत म्हणूनच एक शिरस्ता आहे. सभागृहाची मापे कागदावरून घ्यावयाची नाहीत, तेथे जाऊन स्वतः घ्यावयाची. रॅम्पची लांबी व रुंदी, दोन मॉडेल समोरासमोर आल्यास घेरदार झगे एकमेकांस घासतील काय, विंगेतून कपडे बदलण्याच्या खोलीपर्यंत किती पावले आहेत, इस्त्रीसाठी विजेची सोय किती, पायऱ्यांवर उंच टाचांचे पाऊल घसरते काय, या गोष्टी टेपने आणि पायाने मोजाव्या लागतात. जाहीर कार्यक्रमात ध्वनिमुद्रित संगीत वाजविण्याचा परवाना, अग्निशमनाची व्यवस्था आणि विमा हे विषयही याच टप्प्यावर मार्गी लावलेले बरे.

चार मिनिटांचा हिशेब

शोचा प्राण असतो तो घड्याळात. एक साधे गणित पाहू. समजा, १२ मॉडेल मिळून ४८ पोशाख सादर करणार आहेत, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्यास चार पोशाख आले. दर २० सेकंदांनी एक मॉडेल रंगमंचावर सोडावयाची ठरविल्यास संपूर्ण शो १६ मिनिटांत आटोपतो. मात्र एका मॉडेलची पुन्हा पाळी येते ती २४० सेकंदांनी, म्हणजे चार मिनिटांनी. त्यातील सुमारे एक मिनिट चालण्यात जाते. उरलेल्या तीन मिनिटांत आधीचा पोशाख उतरविणे, दुसरा चढविणे, पादत्राणे, दागिने, केसांची एखादी बट आणि रांगेत येऊन उभे राहणे, हे सारे उरकावयाचे असते. साडीसारखे वस्त्र असेल तर तीन मिनिटे पुरणे अशक्यच. मग मॉडेलची संख्या वाढवावी लागते, किंवा पोशाखांचा क्रम बदलावा लागतो. मॉडेलची संख्या वाढली की मानधन, प्रवास, केशभूषा व रंगभूषा यांचा खर्च वाढतो. अंदाजपत्रक आणि क्रमपत्रिका या दोन कागदांची सांगड अशी घट्ट असते. एकावर केलेली खाडाखोड दुसऱ्यावर उमटल्याखेरीज राहत नाही.

यासाठीच प्रत्येक मॉडेलच्या नावाचा स्वतंत्र रॅक लावतात. पोशाख ज्या क्रमाने घालावयाचे त्याच क्रमाने त्यावर टांगलेले असतात. प्रत्येकास चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर पोशाखाचा क्रमांक, पादत्राण, दागिना व शेवटच्या फिटिंगच्या वेळी काढलेले छायाचित्र. रॅकपाशी मदतनीस उभी असते. प्रवेशद्वाराशी क्रमपत्रिका हाती घेऊन उभी असलेली एकच व्यक्ती 'आता जा' अशी खूण करते. तिच्याखेरीज कोणीही, प्रत्यक्ष वेशरचनाकारानेही, तेथे आज्ञा करावयाची नाही, असा दंडक चांगले आयोजक पाळतात. हा दंडक मोडणारे बहुधा वेशरचनाकारच असतात, हा भाग वेगळा.

व्हर्साय येथे हाच प्रश्न उग्र झाला होता. दिवसभर रंगमंच यजमान फ्रेंच गटाच्या ताब्यात. अमेरिकी गटाला तालमीसाठी रंगमंच मिळे तो रात्री उशिरा. कडाक्याची थंडी, पोटात अन्न नाही, आणि त्यात कोणाचे कपडे आधी यावयाचे यावरून वाद. अमेरिकी विभागाचे दिग्दर्शन के थॉम्पसन या अनुभवी कलावतीकडे होते. त्यांच्या मानसकन्या लायझा मिनेली यांना त्याच वर्षी ऑस्कर पारितोषिक मिळालेले होते आणि त्याही गाण्यासाठी आल्या होत्या. रंगमंचावर घाम गाळण्याची सवय असलेल्या या दोघींमुळे गट फुटता फुटता सावरला, असे म्हणता येईल.

ती रात्र

सुमारे ७०० निमंत्रित नाट्यगृहात स्थानापन्न झाले. त्यांत मोनॅकोच्या प्रिन्सेस ग्रेस होत्या, चित्रकार अँडी वॉरहॉल होते. प्रथम फ्रेंच विभाग सुरू झाला. एकेक दृश्य नेत्रदीपक होते. परंतु प्रत्येक दृश्यानंतर रथ हलवा, यान आणा, वाद्यवृंद पुन्हा जुळवा, असे चाललेले. बघता बघता दोन तास उलटून गेले आणि लोक खुर्चीत चुळबुळ करू लागले. पाच थोर कलावंतांच्या पाच स्वतंत्र मागण्या मान्य करण्यात आल्या होत्या; त्या साऱ्यांना एका घड्याळाखाली आणणारे मात्र कोणी नव्हते. पैशाची ददात नसली म्हणजे नियोजनात 'नाही' म्हणण्याचे धैर्य राहत नाही, असा अनुभव मोठ्या लग्नघरांतही येतोच.

मध्यंतरानंतर पडदा उघडला तो जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर. वाद्यवृंदाऐवजी ध्वनिमुद्रित संगीत. लायझा मिनेली यांच्या गाण्याने आरंभ झाला आणि त्यामागोमाग मॉडेल झपाट्याने येऊ लागल्या. अमेरिकी गटाच्या सुमारे ३६ मॉडेलपैकी १० कृष्णवर्णीय होत्या. त्या काळच्या पॅरिसच्या प्रेक्षकांनी असे दृश्य पाहिलेले नव्हते. पॅट क्लीव्हलँड, बेथान हार्डिसन, बिली ब्लेअर, अल्व्हा चिन यांच्या चालीत नृत्य होते, अभिनय होता. पॅट क्लीव्हलँड गिरक्या घेत घेत रंगमंचाच्या अगदी कडेपर्यंत आल्या तेव्हा त्या आता खाली पडतात की काय, असे प्रेक्षकांना वाटले. अडथळा करील अशी एकही वस्तू रंगमंचावर नव्हती, हा अपुऱ्या पडद्यांचा प्रसाद. अमेरिकी विभाग सुमारे ३५ मिनिटांत संपला आणि त्याच प्रतिष्ठित प्रेक्षकांनी उभे राहून हातातील कार्यक्रमपत्रिका हवेत उडविल्या.

राजवाड्याच्या दुरुस्तीसाठी अडीच लाख डॉलरहून अधिक निधी जमा झाला. पॅरिसने अमेरिकी वेशकलेची दखल घेतली आणि अनेक कृष्णवर्णीय मॉडेलांना युरोपातील मातब्बर वेशगृहांची दारे खुली झाली. ज्यांच्या सहभागाविषयी कुरकुर झाली त्या अ‍ॅन क्लाइन यांना हे यश फार काळ अनुभवता आले नाही. मार्च १९७४ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. व्हर्साय येथे त्यांच्या साहाय्यक म्हणून गेलेल्या डॉना कॅरन यांनी त्यांचे काम पुढे चालविले आणि कालांतराने स्वतःच्या नावाने कीर्ती मिळविली.

विंगेत राबलेल्यांची आणि रंगमंचावर चाललेल्यांची नोंद व्हावयास मात्र बराच काळ जावा लागला. जानेवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टने त्या रात्रीच्या कृष्णवर्णीय मॉडेलांना सन्मानपूर्वक भोजनास निमंत्रित केले. तोवर ३७ वर्षे लोटली होती.