रेडॉन : कळते, पण वळत नाही

डिसेंबर १९८४. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लिमरिक येथे अणुवीज केंद्राची उभारणी सुरू होती. तेथील एक अभियंता किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्रासमोरून गेला की धोक्याचा इशारा वाजू लागे. वास्तविक केंद्रातून तोवर वीजनिर्मितीही सुरू झालेली नव्हती. एके दिवशी कामाला हात लावण्यापूर्वीच तो यंत्रासमोर उभा राहिला, तरीही इशारा वाजला. किरणोत्सर्ग केंद्रातून घरी जात नव्हता, तर घरातून केंद्रात येत होता! त्याच्या घरातील हवेत रेडॉन वायूचे प्रमाण दर घनमीटरला सुमारे एक लाख बेकरेल इतके आढळले. एका सेकंदाला एका अणूचे विघटन म्हणजे एक बेकरेल. अमेरिकेत १४८ बेकरेलच्या पुढे उपाययोजना करावी, असे सांगितले जाते.

रेडॉनला रंग नाही, वास नाही, चव नाही. खडकांत आणि मातीत अत्यल्प प्रमाणात असलेल्या युरेनियमच्या विघटनातून तो सतत निर्माण होत असतो. मोकळ्या हवेत तो विरून जातो. घराच्या पायातील भेगांतून आत शिरला आणि दारे-खिडक्या बंद असल्या, की साठत जातो. त्याच्या विघटनातून निर्माण होणारे किरणोत्सारी कण श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या पुस्तिकेनुसार फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३ ते १४ टक्के रुग्णांमध्ये रेडॉन कारणीभूत असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००३ मध्ये तेथील मृत्यूंचा अंदाज वर्षाला २१ हजार असा वर्तविला. धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका कितीतरी अधिक.

एवढे असूनही लोक घर तपासून का घेत नाहीत? याचे उत्तर न्यू जर्सी राज्यातील एका प्रसंगात सापडते. १९८६ मध्ये तेथील सरकारने काही उपनगरांतील रेडियममिश्रित माती व्हर्नन गावाजवळच्या जुन्या खाणीत नेण्याचे ठरविले. हजारो नागरिक विरोधासाठी रस्त्यावर उतरले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. मात्र त्याच परिसरातील खडकांतून घराघरांत शिरू शकणाऱ्या नैसर्गिक रेडॉनविषयी असा संताप कोठेच दिसला नाही. सरकारने आणलेली माती हा अन्याय ठरतो. जमिनीतून आलेल्या वायूबद्दल जाब विचारायचा कोणाला? रटगर्स विद्यापीठाचे पीटर सँडमन यांनी यावरूनच मांडले, की लोकांच्या लेखी धोका हा हानीइतकाच संतापावरही ठरतो. त्यांचे सहकारी नील वाईनस्टाईन यांच्या १९८८ मधील अभ्यासात आणखी एक बाब पुढे आली. शेजाऱ्यांपेक्षा आपल्या घराला धोका कमीच, असे बहुतेकांना वाटत होते.

देशोदेशी ही दृष्टी बदलते. ऑस्ट्रियातील बाद गास्टाइन येथे आणि अमेरिकेतील माँटाना राज्यातील काही जुन्या खाणींत सांधेदुखी बरी व्हावी म्हणून लोक पैसे मोजून रेडॉनयुक्त हवेत बसतात! याउलट स्वीडनमध्ये युरेनियमचा अंश असलेल्या शेलपासून केलेले 'निळे काँक्रीट' कित्येक दशके घरबांधणीत वापरले गेले. त्याचे उत्पादन १९७५ मध्ये थांबले आणि रेडॉन हा तेथे सामान्य घरमालकाच्या परिचयाचा शब्द झाला.

केवळ पत्रके वाटून हा प्रश्न सुटत नाही, हे ओळखून अनेक देशांनी तो व्यवहाराशी जोडला. आयर्लंडमध्ये १९९८ पासून अधिक रेडॉन असलेल्या भागांत नव्या घराच्या जमिनीखाली रेडॉनरोधक पडदा घालणे बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये घर घेताना स्थानिक प्रशासनाकडे होणाऱ्या नेहमीच्या चौकशीतच रेडॉनचा प्रश्न असतो. युरोपीय संघाने २०१३ च्या निर्देशाद्वारे सदस्य देशांना ३०० बेकरेलपेक्षा अधिक नसलेली मर्यादा ठरविण्यास सांगितले. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा शब्द बहुधा प्रथम भेटतो तो घरखरेदीच्या वेळीच. प्रमाण जास्त निघाल्यास फरशीखालून नळी टाकून, पंख्याच्या साह्याने वायू छपराबाहेर सोडला जातो. उपाय इतका साधा आहे.

भारतात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशभरातील घरांत रेडॉनची मोजणी केली असली, तरी हा विषय प्रामुख्याने शास्त्रज्ञांच्या वर्तुळातच राहिला आहे. खेळती हवा हे आपल्या घरांचे मोठे संरक्षण. वरच्या मजल्यांवर जमिनीतील वायू कमी पोहोचतो, हेही खरे. परंतु वातानुकूलनासाठी खिडक्या बंद राहू लागल्या, की तळमजल्यावरील आणि तळघरातील खोल्यांचे हे संरक्षण कमी होते. तेथे दिवसातून काही वेळ खिडक्या उघडण्यास पैसाही लागत नाही.