सर्व्हर चालू, तरी संपर्क का तुटतो?

महिनाअखेरीची घाई असते. हिशेब विभागातील कर्मचारी बिलाची नोंद अर्धवट ठेवून जेवायला उठतो. परत येऊन कळ दाबतो, तर पडद्यावर सर्व्हरशी संपर्क तुटल्याचा संदेश येतो आणि भरलेली नोंद नाहीशी झालेली असते. सर्व्हर मात्र व्यवस्थित सुरू असतो. अशा वेळी बहुतेक कार्यालयांत सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला जातो. त्यामुळे इतरांचेही काम खोळंबते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीच तक्रार पुन्हा येते.

या तक्रारीचे मूळ समजण्यासाठी सेशन म्हणजे काय, हे पाहावे लागेल. सेशन म्हणजे दोन संगणकांनी आपापल्या स्मृतीत ठेवलेली परस्परांची ओळख. काम थांबले की दोघांमध्ये काहीच देवाणघेवाण होत नाही. तरीही दोघांच्या लेखी संपर्क कायम असतो. मधल्या फायरवॉलचे तसे नसते. तिच्याकडील नोंदींची जागा मर्यादित असते. त्यामुळे ठरावीक काळ शांतता राहिली, की ती नोंद पुसून टाकते आणि अनेकदा ते दोन्ही टोकांना कळवतही नाही. पुढचे पॅकेट आले की ते तिला परके वाटते आणि अडवले जाते.

यावर 'कीप-अलाइव्ह' हा उपाय आहे. शांततेच्या काळातही अधूनमधून एक छोटे पॅकेट पाठवून संपर्क जागता ठेवला जातो. मात्र इंटरनेटच्या १९८९ सालच्या नियमावलीनुसार त्याचा मूळ अवधी दोन तासांपेक्षा कमी नसावा. विंडोज आणि लिनक्समध्ये तो दोन तासच असतो. शिवाय सॉफ्टवेअरने मागणी केली असेल, तरच ही सोय चालू होते. याउलट मधल्या सेवा उतावीळ असतात. अॅमेझॉनच्या क्लाऊडमधील नॅट गेटवे ३५० सेकंदांनंतर, तर मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युअरमधील लोड बॅलन्सर मुळात चार मिनिटांनंतरच शांत संपर्क सोडून देतो. सर्व्हर क्लाऊडवर हलवल्यानंतर जुने सॉफ्टवेअर अचानक रुसते, त्याचे हे एक कारण होय.

म्हणूनच दुरुस्तीची सुरुवात घड्याळापासून करावी. संपर्क केव्हा, कोणाचा आणि किती वेळाच्या शांततेनंतर तुटला, याची दोन-तीन दिवस नोंद ठेवावी. दरवेळी तेवढ्याच शांततेनंतर तुटत असेल, तर दोष मुदतीचा समजावा. काम चालू असताना मध्येच तुटत असेल, तर केबल, स्विचचे पोर्ट किंवा एकच आयपी पत्ता दोन यंत्रांना दिला गेला आहे काय, हे तपासावे. एकाच संगणकाची तक्रार असल्यास त्याच्या नेटवर्क कार्डाची वीजबचतीची सोय बंद करून पाहावी. सर्वांचा संपर्क एकाच क्षणी गेला, तर स्विच, त्याचा वीजपुरवठा आणि सर्व्हर यांकडे वळावे.

विंडोज सर्व्हर स्वतःही सामायिक फोल्डरचा निष्क्रिय संपर्क मुळात १५ मिनिटांनी सोडतो. फाइल उघडताच तो आपोआप पुन्हा जुळतो. परंतु काही जुन्या सॉफ्टवेअरना हा खंड सोसत नाही.

तरीही उलगडा न झाल्यास वायरशार्कसारख्या मोफत साधनाने दोन्ही टोकांना पॅकेट टिपावीत. एका टोकाहून निघालेले पॅकेट दुसऱ्या टोकाला पोचलेच नाही, तर ते वाटेत हरवले हे सिद्ध होते.

मुदतीचा दोष निश्चित झाला, की कीप-अलाइव्हचा अवधी वाटेतील सर्वांत लहान मुदतीपेक्षा कमी ठेवावा. फायरवॉल ३० मिनिटांनी विसरत असेल, तर १० मिनिटे पुरेशी ठरतात. मुदत पूर्णपणे काढून टाकणे मात्र धोक्याचे, कारण मृत संपर्कांच्या नोंदी साचून नव्यांना जागा उरत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. तसे केले, तर हरवलेल्या नोंदीचा ठपका जेवायला उठलेल्या कर्मचाऱ्यावर येणार नाही.