बाई, माशा आल्यात!

फेब्रुवारीत सकाळी फोन वाजला की आमच्या घरात सगळे माझ्याकडेच बघतात. "बाई, माशा आल्यात, लवकर या!" वाईत 29 वर्षं शिकवलं, त्यामुळे फोन करणारे बहुतेक माझेच विद्यार्थी. निवृत्त झाल्यावर परसात चार मधपेट्या ठेवल्या आणि त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे 'माशा' असं लिहिलं गेलं.

गेल्या वर्षी असंच एका जुन्या घरी गेले. अंगणातल्या डाळिंबाच्या फांदीला सोललेल्या नारळाएवढा तपकिरी घोस लोंबत होता. खिडक्या लावलेल्या, आजी आत कोंडलेल्या, आणि शेजारचे काका झुरळांच्या औषधाचा डबा घेऊन सज्ज. मी आधी तो डबा काढून घेतला.

मग नीट पाहिलं. पोळं नव्हतंच. माशा एकमेकींच्या पायांना धरून नुसत्या लटकल्या होत्या. पोळं नाही म्हणजे मुक्काम नाही, वाटेतला थांबा आहे. वसाहत फार भरली की माशा नवी राणी वाढवायला घेतात आणि जुनी राणी निम्म्याहून अधिक कामकरी माशा घेऊन बाहेर पडते. आपल्याकडे वाटणी झाली की पोरं वेगळी चूल मांडतात. इथे आईच भरलं घर लेकीला सोडून निघते. हे खिडकीच्या फटीतून ऐकून आजी म्हणाल्या, "शहाणी आहे!"

निघताना माशा पोटभर मध पिऊन घेतात. राखायला ना पिल्लं असतात, ना मधाचा साठा. म्हणून अशा वेळी त्या सहसा डंख करत नाहीत. मी उलटा हात हळूच घोसाला टेकवला. उबदार लागतो, आणि आतून थरथरतो, शिवणयंत्र चालू असताना त्याच्या लाकडावर तळवा ठेवावा तसा. हे तुम्ही मात्र करू नका. दहा-पंधरा फूट लांब थांबा, पोरांना दगड मारू देऊ नका, कुत्रं बांधून ठेवा.

घोसाच्या पाठीवर काही माशा थरथरत धावताना दिसतात. त्या जागा शोधून आलेल्या असतात, आणि नाचून पत्ता सांगतात. 1949 साली म्युनिकमध्ये मार्टिन लिंडाउअर या संशोधकाला अशा नाचणाऱ्या माशा मळलेल्या दिसल्या, कुणी काजळीने, कुणी विटांच्या धुळीने. युद्धात पडझड झालेल्या शहरात त्या घर शोधून आल्या होत्या! वेगवेगळ्या जागांसाठी नाच चालतो, हळूहळू एका जागेची बाजू जड होते आणि सगळा घोस उठतो. कधी तासाभरात, कधी दोन-तीन दिवसांनी. त्यामुळे बहुतेक वेळा करायचं ते एवढंच: वाट बघायची.

घोस हाताशी असेल तर पेटीत घेता येतो. ही सातेरी, म्हणजे पोकळीत राहणारी माशी. झाडाची ढोली, वारूळ, भिंतीतलं भोक, अगदी विजेच्या मीटरची पेटीही तिला चालते. घोसाखाली पेटी धरून फांदीला एक झटका द्यायचा. माझ्या पहिल्या खेपेला मी तो भीतभीत दिला. राणी फांदीवरच राहिली, आणि पाच मिनिटांत पेटीतल्या सगळ्या माशा पुन्हा वर! डाळिंबाखाली ती चूक केली नाही. थोड्या वेळात पेटीच्या दाराशी माशा शेपूट वर करून पंख हलवू लागल्या. हा वास सोडून बाकीच्यांना बोलावण्याचा प्रकार. राणी आत आली, हे तेव्हा कळलं. अंधार पडला, सगळ्या आत गेल्या, तेव्हा दाराला जाळी लावून पेटी उचलली.

पण हे सगळं सातेरीपुरतं. आग्या माशी मोठी, तिचा घोसही मोठा, आणि तिचं पोळं उघड्यावर लटकतं: पाण्याच्या टाकीखाली, इमारतीच्या छज्ज्याला, उंच झाडावर. स्थलांतराच्या वाटेवर तीही पोळ्याशिवाय विसावते. तिच्या वाटेला जायचं नाही. धूर, टेंभा, फवारा काही नको. एकीने डंख केला की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्यावर बाकीच्या धावून येतात. रात्री तिकडचे दिवे बंद ठेवा, उजेडाकडे ती झेपावते. पोळंच बांधून बसली आणि लोकांची ये-जा असेल तर जाणत्या माणसाला बोलवा. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था किंवा महाबळेश्वरचं मध संचालनालय यांच्याकडे चौकशी करता येते.

माशा मागे लागल्याच तर तोंड झाकून सरळ घरात किंवा गाडीत शिरा आणि दार लावा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटा नखाने झटकन खरवडून काढा. काटा निघेपर्यंत विष उतरत राहतं. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली किंवा डंख पुष्कळ झाले, तर चुना लावत बसायचं नाही, थेट दवाखाना.

डाळिंबावरच्या माशांची पेटी आता माझ्या परसात आहे, मुंग्या चढू नयेत म्हणून तिचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. काकांचा डबाही माझ्याकडेच आहे. त्यांनी अजून मागितलेला नाही.