साथ, जादू आणि मुलगी : बालकादंबरीतील एका कथासूत्राचा विचार

मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अद्भुत कादंबऱ्यांत एक कथासूत्र वारंवार आढळते. एखाद्या नगरावर विलक्षण रोगाची साथ येते. रोग जादूचा असल्यामुळे वैद्यांचे उपाय चालत नाहीत. वडीलधारी माणसे हतबल होतात, किंवा स्वतःच रोगाला बळी पडतात. अशा वेळी दहा-बारा वर्षांची एक मुलगी घराचा उंबरठा ओलांडून उपाय शोधायला निघते. हे सूत्र वरवर साधे दिसले तरी ते हाताळणाऱ्या लेखकाला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात : रोग कोठून आला, त्याचा दोष कोणाकडे, आणि तो जातो कसा? वास्तववादी कादंबरीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर जंतूवर सोपवता येते आणि दुसरा प्रश्न टाळता येतो. रोग जादूचा ठरला की जादू करणारा कोणीतरी मानावा लागतो. त्यामुळे या प्रकारात लेखकाच्या कल्पकतेइतकीच त्याच्या न्यायबुद्धीचीही कसोटी लागते.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या चर्चेचा आरंभ फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या ‘द सीक्रेट गार्डन’ या १९११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बालकादंबरीपासून करणे सोयीचे आहे; कारण साथ, जादू आणि मुलगी हे तिन्ही घटक तीत आहेत, आणि साथ भारतातील आहे. मेरी लेनॉक्स ही भारतात वाढलेली इंग्रज मुलगी. बंगल्यात पटकीची साथ शिरते. प्रथम आया मरते, मग आईवडील मरतात, उरलेले नोकरचाकर पळून जातात, आणि या गडबडीत मुलीचा सर्वांना विसर पडतो. निःशब्द घरात ती एकटी सापडते. यानंतर कथा यॉर्कशायरला जाते. तेथे एक कुलूपबंद बाग आहे, मरणाच्या भीतीने अंथरुणाला खिळलेला कॉलिन नावाचा आतेभाऊ आहे, आणि माणसाला बरे करणाऱ्या एका शक्तीला मुलांनी दिलेले ‘जादू’ हे नाव आहे.

या रचनेत एक विषमता आहे. कॉख यांनी पटकीचा जंतू कलकत्त्यात निश्चित केला त्याला कादंबरीच्या प्रकाशनसमयी पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता. तरीही कादंबरीतील पटकी कोठून आली हे कोणी विचारीत नाही. ती भारताच्या उष्ण हवेचाच एक भाग असल्यासारखी येते आणि पहिल्या प्रकरणाबरोबर संपते. मेलेल्या आयेसाठी मेरी रडत नाही. रोग भारतात आणि आरोग्य इंग्लंडात, अशी वाटणी झालेली आहे. मात्र बरे करणारी सामग्री मेरीने भारतातूनच नेलेली असते. कॉलिनला ती झोपवते ती आयेकडून ऐकलेल्या हिंदुस्तानी अंगाईने. आणि मुले वर्तुळात बसून जादूचे मंत्र म्हणतात ती मेरीने सांगितलेल्या फकिरांच्या धर्तीवर. कादंबरीच्या उत्तरार्धात नायिकेची जागा हळूहळू कॉलिन घेतो, हेही लक्षणीय आहे. साथीतून वाचलेली मुलगी दुसऱ्याच्या आरोग्याचे निमित्त होऊन मागे सरते.

बर्नेट यांच्या पटकीला चेहरा नाही. भारतीय भाषांनी मात्र रोगाला पूर्वीच चेहरा दिलेला आहे. मराठीत एका रोगाचे नावच ‘देवी’ आहे. अंगावर देवी ‘येतात’, आणि लस घेणे म्हणजे ‘देवी टोचून घेणे’. दिल्लीच्या परिसरात हिंदीभाषक याच रोगाला ‘माता’ म्हणतात. कांजिण्या ही तिची धाकटी आवृत्ती, म्हणून ‘छोटी माता’. गुडगावच्या शीतला माता मंदिरातील देवी म्हणजे द्रोणाचार्यांची पत्नी कृपी, आणि तिचे मूळ स्थान दिल्लीतील केशोपूर, अशी लोककथा आहे. तेथे लहान मुलांचे जावळ काढण्यासाठी दूरवरून कुटुंबे येतात. होळीनंतरचा तिकडील ‘बासोडा’ आणि श्रावणातील मराठी शीतळासप्तमी, म्हणजेच शिळासप्तमी, यांचा आचार एकच : त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न खायचे. रोग म्हणजे देवीचा दाह, आणि उपचार म्हणजे तिला निववणे. शत्रूचा निःपात करण्याची कल्पना येथे नाही. रागावलेल्या पाहुणीची मनधरणी करून तिला सन्मानाने वाटेला लावण्याची ही रीत आहे.

या कल्पनेचे मूळ किती खोल आहे हे महाभारताच्या शांतिपर्वातील मृत्यूच्या आख्यानावरून दिसते. पृथ्वी प्राणिमात्रांच्या भाराने पीडित झाली तेव्हा ब्रह्मदेवाच्या क्रोधातून एक स्त्री निर्माण झाली. तिचे नाव मृत्यू. सर्वांचा संहार कर, अशी आज्ञा मिळताच ती रडू लागली. हे काम आपल्याला नको म्हणून तिने दीर्घ तप केले. अखेर ब्रह्मदेवाने तिला सांगितले की तिच्या डोळ्यांतून गळलेले अश्रूच व्याधी होतील आणि त्या काळ आला की प्राण्यांना नेतील. तिला अधर्म लागणार नाही. जगातील सर्व रोग म्हणजे मारण्यास नकार देणाऱ्या एका स्त्रीचे अश्रू आहेत, असे सांगणारी ही कथा आहे. रोगाचे कारण व्यक्तिरूप असूनही त्या व्यक्तीला खलत्व आलेले नाही.

शिळासप्तमीच्या मराठी कहाणीत हे सूत्र घरगुती पातळीवर येते. राजा गाव वसवतो, तळे बांधतो. तळ्याला पाणी लागत नाही. सुनेचा वडील मुलगा बळी दिला तर पाणी लागेल, असे जलदेवता सांगतात. राजा सुनेला माहेरी धाडतो, नातवाला नटवून तळ्यात ठेवतो, आणि तळे भरते. सून परतताना भरलेले तळे पाहते. तिला आपला वसा आठवतो. काकडीच्या पानावर दहीभात ठेवून ती पूजा करते आणि आपल्या वंशातील कोणी बुडाले असेल तर ते परत मिळावे, असे मागते. पाण्यातून तिचेच मूल तिचे पाय ओढू लागते. देवीच्या नावाने पाळल्या जाणाऱ्या दिवसाच्या या कहाणीत रोगाचा उच्चारसुद्धा नाही. पण मूल दगावणे आणि परत मिळणे हा देवीच्या साथीतील प्रत्येक आईचा विषय तीत जसाच्या तसा आहे. नायिकेने केले काय? तिला काहीच सांगितलेले नव्हते. तरी नेमके जे विचारायला हवे होते ते तिने पाण्याला विचारले.

तथापि या परंपरेचा निव्वळ गौरव करून चालणार नाही. रोगाला स्त्रीचा चेहरा दिला की तो चेहरा शेजारच्या जिवंत बाईवर बसवणे सोपे होते. गावात आजार पसरला म्हणून एखाद्या विधवेला डाकीण ठरवून छळल्याच्या घटना मराठी समाजाला अपरिचित नाहीत. मरीआईच्या गाड्याचा विधीही असाच दुधारी आहे. पटकीची देवी गाड्यात बसवून शिवेपलीकडे पोचवली की आपले गाव सुटले; पण गाडा उभा राहतो तो दुसऱ्या गावाच्या दारात. राजाच्या तळ्याचे पाणीही नातवाच्या जिवावर आलेले आहे, आणि कहाणी राजाला जाब विचारीत नाही. नरबळी आणि जादूटोणा या दोहोंना प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राने २०१३ साली केला. आजच्या मुलांसाठी ही सामग्री वापरणाऱ्या लेखकाला त्या कायद्यामागील विवेक विसरता येत नाही.

जंतू सापडला म्हणून दोषी शोधण्याची वृत्ती संपते, असेही नाही. प्लेगचा जंतू १८९४ साली ज्ञात झाला. १८९६ मध्ये मुंबईत व पुढे पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनी दोष लोकांच्या राहणीवर ठेवला आणि लोकांनी तो घरझडती घेणाऱ्या सोजिरांवर ठेवला. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतःला प्लेग होऊन सावित्रीबाई फुले निवर्तल्या होत्या. मराठी इतिहासलेखनात पहिल्या घटनेभोवती वाङ्मयाचा मोठा संभार जमला. पण साथीत घराबाहेर पडलेल्या नायिकेचे कथासूत्र ज्याला हवे असेल त्याला ते दुसऱ्या घटनेत अधिक स्पष्ट सापडेल, आणि तेही जादूविना.

या सर्व उदाहरणांतून बालकादंबरीकारापुढचे पर्याय स्पष्ट होतात. चेटकिणीला मारून साथ संपवणारी कथा वेगवान होते. मात्र रोगाला कोणीतरी गुन्हेगार असतो, हा धडा ती मुलांच्या मनात नकळत रुजवते. बर्नेट यांच्याप्रमाणे साथीला चेहराच नाकारला तर मेलेल्यांचाही विसर पडतो. तिसरी वाट मृत्यूच्या आख्यानाने आणि शिळासप्तमीच्या कहाणीने दाखवलेली आहे : रोगाला चेहरा असावा, त्या चेहऱ्याला दुःख असावे, आणि नायिकेने त्याच्याशी बोलावे. त्यात आजच्या लेखकाने एका गोष्टीची भर घालावी. परत मिळालेले मूल कडेवर घेऊन सुनेने राजासमोर उभे राहावे, आणि हे पाणी कोणाच्या जिवावर आले, हे त्याला सर्वांदेखत विचारावे.

भारतातील देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ साली आढळला, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. गुडगावच्या मंदिरातील गर्दी त्यामुळे ओसरली नाही. शिळासप्तमीची कहाणीही आपले स्थान राखून आहे. २०२१ साली कोइमतूरजवळ ‘करोना देवी’ची मूर्ती स्थापन झाली, तीही याच शहरातील जुन्या प्लेग मारियम्मनच्या वळणावर. रोग गेला तरी त्याची कथा मागे राहते आणि पुढच्या रोगाची वाट पाहते. मुलांच्या हाती ती कोणत्या रूपात द्यायची, एवढाच निर्णय लेखकाच्या हाती आहे. आणि तो लहान निर्णय नव्हे.