नवे यंत्र, जुने वळण

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर खडकी हे ठाणे आहे. १८१७ साली येथे पेशवे व इंग्रज यांची लढाई झाली. पुढे येथे लष्कराची छावणी वसली व १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला. जेथे छावणी व कारखाना, तेथे कचेऱ्या आल्या. आणि जेथे कचेऱ्या, तेथे पत्रे, याद्या व हिशेब आलेच. एके काळी असे लेखन टंकलेखन यंत्रावर होई. आता ते संगणकावर होते. यंत्र बदलले, परंतु वर्षानुवर्षे काम करून बोटांना लागलेले वळण यंत्राबरोबर बदलत नाही. म्हणून नव्या संगणकालाच जुने वळण लावण्याची युक्ती निघाली.

ती समजण्यासाठी संगणकाची रचना थोडी पाहिली पाहिजे. संगणकाच्या सर्व भागांकडून काम करवून घेणाऱ्या मुख्य आज्ञावलीस कार्यप्रणाली असे म्हणतात. तिची दोन अंगे असतात. आतील अंग स्मृती सांभाळते, माहिती साठवते व कोणते काम केव्हा करावयाचे ते ठरवते. बाहेरील अंग म्हणजे पडद्यावर दिसणारी चित्रे, खिडक्या व याद्या. हे अंग स्वयंपाकघरातील मांडणीसारखे आहे. मिठाचा डबा कोठे आहे हे आईच्या हाताला अंधारातही कळते. कोणी सर्व डब्यांच्या जागा बदलल्या, तर मीठ काही नासत नाही. पण स्वयंपाकास मात्र उशीर होतो.

संगणकाच्या बाबतीत नेमके असेच घडले. १९९५ साली ‘विंडोज ९५’ ही कार्यप्रणाली निघाली. तिच्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, ‘स्टार्ट’ हे बटण होते. ते दाबले की कामांची यादी उघडे. कोट्यवधी लोकांना तिची सवय झाली. २०१२ साली ‘विंडोज ८’ मध्ये ते बटण व ती यादी काढून टाकण्यात आली. लोक गोंधळले व त्यांनी तक्रारी केल्या. तेव्हा २०१३ साली बटण परत आले आणि २०१५ साली ‘विंडोज १०’ मध्ये यादीही परतली. पुढे २०२१ साली ‘विंडोज ११’ ने हे बटण मध्यभागी आणले. पण ते पुन्हा डावीकडे नेण्याची सोयही ठेवली. याखेरीज ‘ओपन-शेल’ सारख्या आज्ञावली आहेत. स्वयंसेवकांनी सांभाळलेली ही आज्ञावली बसवली, की नव्या संगणकावरही जुन्या धर्तीची यादी उघडते.

मराठी लेखनाचा प्रश्न याहून नाजूक होता. टंकलेखन यंत्रावर कळा मोजक्याच असत. त्यामुळे काही अक्षरे तुकड्यांनी जुळवावी लागत. अर्धा ‘भ’ उमटवून त्यापुढे काना दिला, की पूर्ण ‘भ’ होई. ‘दिवस’ हा शब्द लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी व मग ‘द’ उमटवावा लागे; कारण कागदावर वेलांटी डावीकडे येते. संगणकाची रीत निराळी आहे. तो उच्चाराचा क्रम पाळतो; म्हणून आधी ‘द’ व मग वेलांटी साठवतो.

१९८६ साली केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ नावाचा कळफलक ठरवला. त्यात स्वर डाव्या हाताशी व बहुतेक व्यंजने उजव्या हाताशी असतात. मराठी ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर गुजराती व कन्नड ‘क’ ही असतो. ही रचना नव्या विद्यार्थ्यास सोपी होती. परंतु ज्यांनी टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या होत्या, ज्यांची उपजीविका त्या कौशल्यावर चालत होती, त्यांनी काय करावे? त्यांचे सारे श्रम वाया जावयाचे काय?

पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच ‘सी-डॅक’ ने, भारतीय भाषांत लिहिण्यासाठी आज्ञावली तयार केल्या. त्यांत इनस्क्रिप्टबरोबर टंकलेखन यंत्राच्या धर्तीचा कळफलकही दिला. जुन्या वळणाचा लेखक वेलांटी आधी दाबतो व ‘द’ नंतर. आज्ञावली त्यांचा क्रम आतल्या आत बदलते. बोटे जुन्या रीतीने चालतात, पण साठवण नव्या रीतीने होते. त्यामुळे जुना टंकलेखक व नवा विद्यार्थी यांनी लिहिलेला ‘दिवस’ संगणकात सारखाच राहू शकतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. नव्या कार्यप्रणालीला जुने रूप देणे निराळे आणि जुनीच कार्यप्रणाली वापरत राहणे निराळे. प्रत्येक कार्यप्रणालीत काही उणिवा राहून जातात. त्या सापडतील तशा बुजवण्याचे काम तिचे निर्माते करतात. पण हे काम कायम चालत नाही. ‘विंडोज एक्सपी’ साठी ते ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाची घातक आज्ञावली जगभर पसरली. तिने संगणकांतील माहितीला कुलूप घालून खंडणी मागितली. इंग्लंडमधील कित्येक रुग्णालयांचे कामकाज अडले आणि रुग्णांना परत जावे लागले. ज्या छिद्रातून ती शिरली, ते बुजवण्याचा उपाय दोन महिने आधीच, मार्चमध्ये, प्रसिद्ध झाला होता. ज्यांनी तो केला नव्हता, त्यांचे संगणक मुख्यतः बळी पडले.

वाड्याचा जुना दरवाजा जपावा; परंतु त्याची कडी मोडकी असेल, तर ती मात्र बदलून घ्यावी. संगणकाचेही तसेच आहे. पडद्याची मांडणी व कळांचा क्रम हे हाताच्या सवयीचे विषय आहेत. ते ज्याने त्याने सोयीप्रमाणे ठेवावेत. माहितीचे रक्षण हा सवयीचा विषय नव्हे. ते आतील अंगाचे काम असल्याने, ते अंग नेहमी अद्ययावतच असले पाहिजे.