भर पावसात सोलरवर होमस्टे चालतो का? कराड-पाटणचं गणित समजून घ्या

ऑगस्टमधला शनिवार समजा. सडावाघापूरचा उलटा धबधबा बघून चिंब भिजलेलं कुटुंब संध्याकाळी होमस्टेवर पोहोचतं. पहिला प्रश्न, "गरम पाणी आहे ना?" छतावर सोलर आहे, पण दोन दिवस ऊन नाही. त्यात वाऱ्यापावसानं गावची लाईट गेलेली.

खरं तर वीज हा या भागाचा जुना विषय. कोयनेचा 1,960 मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प इथलाच, वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्याही इथल्याच. ऑगस्ट 2024 मध्ये पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झालं. मग घरं चालतात तर होमस्टे का नाही? चालतो. पण हिशोब वेगळा आहे.

आपल्याकडे 1 किलोवॅटचं सोलर वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला साधारण 4 युनिट देतं. म्हणजे 3 किलोवॅटला 12 युनिट. चार खोल्यांचे एलईडी दिवे, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे, फ्रिज, वायफाय आणि तासभर पाण्याची मोटर, हे सगळं 4-5 युनिटांत बसतं. खरा खादाड एसी. दीड टनाचा एक एसी रात्रभर चालला की 8 युनिट गेलीच. चार खोल्यांत चार एसी लावले तर अख्खं छत त्यांनाच द्यावं लागेल. त्यापेक्षा कौलारू छप्पर आणि समोरासमोर खिडक्या परवडतात.

आता पावसाळा. दाट ढगात निर्मिती पाव हिश्श्यावर किंवा त्याच्याही खाली येते आणि पाहुण्यांची गर्दी नेमकी तेव्हाच. इथं नेट मीटरिंग कामाला येतं. एप्रिल-मे महिन्यांत महावितरणला दिलेली जादा युनिटं खात्यावर जमा राहतात आणि जून ते सप्टेंबरच्या बिलातून वजा होतात. हे खातं 31 मार्चला बंद होतं. त्यामुळे उन्हाळ्यानंतर लगेच पावसाळा येणं होमस्टेवाल्याच्या फायद्याचंच आहे.

पण बिल शून्य झालं म्हणजे दिवा लागेलच असं नाही. अनेकांची फसगत इथंच होते. साधं ऑन-ग्रिड सोलर गावची लाईट गेली की स्वतःही बंद पडतं, अगदी कडक ऊन असलं तरी. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. लाईट गेल्यावरही दिवे-पंखे हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. दिवे, पंखे आणि वायफायपुरती 3 युनिटांची बॅटरी एका रात्रीला पुरते. गिझर तिच्यावर लावायचा नाही.

मग आंघोळीचं काय? आठ पाहुण्यांना एकेक बादली गरम पाणी म्हणजे जवळपास 4 युनिट. सोलर वॉटर हीटरही ढगात हात टेकतो. याचं उत्तर बऱ्याच घरांच्या माळ्यावर पडलेलं असतं: तांब्याचा बंब. शेणी, वाळकी लाकडं, काहीही चालतं. शहरातली पोरं तर बंबासोबत सेल्फी काढतात, ते वेगळंच.

स्वयंपाकाला गोबरगॅस. 25 किलो शेणातून साधारण 1 घनमीटर गॅस मिळतो. चार-पाच जनावरांवर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक निघतो. पाहुणे वाढले की सिलेंडर जोडीला ठेवावाच लागतो.

शेवटी पैशाचा मुद्दा. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, पण ते घरगुती जोडणीलाच. होमस्टेसाठी व्यावसायिक मीटर घेतलं तर ते मिळत नाही आणि युनिटचा दरही जास्त पडतो. त्यामुळे सोलरवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी महावितरणच्या कार्यालयात एक चक्कर मारून आपली जोडणी कोणत्या वर्गात बसते, हे लेखी विचारून घ्यावं.