तीन घरं, दहा पदकं

हिवाळी ऑलिंपिक आलं की दरडोई पदकांचा हिशेब कोणीतरी मांडतंच, आणि त्यात लिश्टेनश्टाइन सगळ्यांच्या वर जाऊन बसतं. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मध्ये चेपलेलं हे संस्थान १६० चौरस किलोमीटरचं, म्हणजे मुंबईच्या जेमतेम पाव भागाएवढं. वस्ती ४० हजारांच्या आसपास. खात्यावर १० पदकं: २ सुवर्ण, २ रौप्य, ६ कांस्य. सगळी अल्पाइन स्कीइंगमधली. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये अजून भोपळाही फुटलेला नाही.

हिशेब खरा आहे, पण फसवा. लोकसंख्येने भागण्यापेक्षा ही पदकं घरांत वाटून पाहावीत. वेन्झेलांच्या घरात ७, फ्रॉमेल्ट बंधूंकडे २ आणि उरलेलं १ उर्सुला कोन्झेटचं. झाला देशाचा इतिहास.

सुरुवात मात्र गमतीची होती. १९३६ साली बर्लिनच्या उन्हाळी ऑलिंपिकला गेल्यावर लिश्टेनश्टाइनच्या मंडळींच्या लक्षात आलं की आपला निळा-तांबडा झेंडा हैतीच्या झेंड्यासारखा हुबेहूब आहे. पुढच्याच वर्षी झेंड्यावर सोनेरी मुकुट चढला. खेळात काही कमावण्याआधी ऑलिंपिकने देशाला झेंडा दुरुस्त करायला लावला!

पहिलं पदक यायला १९७६ उजाडलं. इन्सब्रुकला स्लालममध्ये विली फ्रॉमेल्ट आणि हानी वेन्झेल यांनी एकेक कांस्य मिळवलं. हानी जन्माने जर्मन, बव्हेरियातली. वर्षाची असताना घरच्यांबरोबर इथे आली. १९७४ साली सेंट मॉरिट्झला ती स्लालमची जगज्जेती झाली आणि त्यानंतर तिला नागरिकत्व मिळालं. आधी किताब, मग कागदपत्रं; छोट्या देशालाही व्यवहार कळतो.

१९८० साली अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला हानीने जे केलं, त्याचं मोल कळायला या शर्यती समजून घ्यायला हव्यात. डाउनहिल म्हणजे निव्वळ वेग आणि छाती. स्लालममध्ये जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी उतरायचं असतं, तिथे वेगापेक्षा घोट्या-गुडघ्यांची चपळाई लागते. जायंट स्लालम या दोहोंच्या मधली. एकीत तरबेज असलेला खेळाडू दुसरीत सहसा मागे पडतो. हानीने स्लालम आणि जायंट स्लालममध्ये सुवर्ण आणि डाउनहिलमध्ये रौप्य मिळवलं. भाऊ आंद्रेआसने जायंट स्लालमचं रौप्य आणलं. त्याच हंगामात स्कीइंगच्या विश्वचषकाची एकूण अजिंक्यपदंही याच घरात आली, महिलांचं बहिणीकडे, पुरुषांचं भावाकडे. तेव्हा अख्ख्या देशाची लोकसंख्या होती २५ हजारांच्या घरात. या देशाच्या राष्ट्रगीताची चाल ब्रिटनच्या राष्ट्रगीताचीच आहे, त्यामुळे सुवर्णपदक देताना ते नुसतं ऐकणाऱ्याला ब्रिटनने बर्फावर पराक्रम गाजवला असं वाटलं तर त्याचा दोष नाही.

१९८४ साली सारायेव्होला हानी उतरूच शकली नाही. जाहिरातींचे पैसे स्कीइंग संघटनेमार्फत न घेता थेट स्वीकारल्याने तिच्यावर आणि स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कवर बंदी आली. आज खेळाडूच्या शिरस्त्राणापासून स्कीपर्यंत जाहिराती असतात, तेव्हा ही बंदी नुसती कालबाह्यच नाही, ढोंगीही वाटते. त्या वर्षी आंद्रेआस आणि कोन्झेट यांना, तर १९८८ साली कॅलगरीला विलीचा भाऊ पॉल याला कांस्य मिळालं.

मग ३० वर्षं काही नाही. पदक घरांवर अवलंबून असलं की असंच व्हायचं, घरात पुढची पिढी तयार होईपर्यंत थांबायचं. ती आली टीना वाइराथरच्या रूपाने. आई हानी, वडील हार्टी वाइराथर हे ऑस्ट्रियाचे डाउनहिलचे माजी जगज्जेते. टीना सराव करायची स्विस संघाबरोबर. देशाकडे डोंगर आहे, स्वतःचा मोठा संघ पोसण्याइतकी माणसं नाहीत. दुखापतींनी मात्र तिला छळलं. २०१० चं ऑलिंपिक गुडघ्यामुळे हुकलं. २०१४ ला सोचीत उद्घाटनाला झेंडा तिच्या हातात होता, पण सरावात पाय दुखावला आणि एकही शर्यत न खेळता परतावं लागलं.

२०१८ ला प्योंगचांगमध्ये सुपर-जी या, डाउनहिल आणि जायंट स्लालमच्या मधल्या शर्यतीत चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेकाने, मुळातल्या स्नोबोर्डपटूने, सगळ्यांना चकित करत सुवर्ण नेलं. टीना तिच्यापेक्षा ०.११ सेकंदांनी मागे राहिली आणि कांस्यपदकाची मानकरी ठरली. त्या वेळी लिश्टेनश्टाइनच्या पथकात खेळाडू होते तीन. त्यांतला एक स्कीपटू मार्को फिफ्नर, उर्सुला कोन्झेटचा मुलगा.